नऊ विती

१

नीकांद्रसचा दिवस चुन्यानं सुरू व्हायचा. उठल्यावर तो आधी खड्ड्यातला भिजता चुना काठीनं ढवळायचा, मग तोंड धुवायचा. थेक्ला, त्याची बायको, होती तोवर रोज ओरडायची, "अहो, आधी देवाचं नाव घ्या, मग त्या चुन्याचं!" तिला जाऊन सहा हिवाळे झाले होते. आता ओरडायला कुणी नव्हतं, त्यामुळं देवाचं नाव राहूनच जायचं.

डोंगराच्या पोटात खोदलेली त्याची खोली, वर पारव्यांची खुराडी, आणि पन्नास पायऱ्या उतरलं की ख्रिस्ताचं देऊळ, तेही डोंगरातच कोरलेलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्या देवळाच्या भिंती नीकांद्रसनंच रंगवल्या होत्या. यंदा उन्हाळ्यात धर्मगुरू लेओन्तिओसनी दोन कामं काढली. सणाला गर्दी मावत नाही म्हणून देवळाचं दार दोन विती रुंद करून घेतलं, आणि गाभारा आणखी आत खोदून घेतला. त्या नव्या गाभाऱ्याच्या अर्ध्या घुमटात प्रभूचं मोठं मुख काढायचं होतं, नोव्हेंबरातल्या महादूतांच्या सणापर्यंत. ते काम नीकांद्रसकडं आलं.

हात अजून शाबूत होता. अडचण डोळ्यांची होती. दोन वर्षं डोळ्यांवर जाळं चढत होतं. निळा की हिरवा हे तो आता वाटी हुंगून ठरवायचा, कारण हिरव्याला आंबूस वास येतो, निळ्याला येत नाही. हे लेओन्तिओसना कळलं असतं, तर त्यांनी कैसरिया शहरातून दुसरा चित्रकार आणला असता आणि याला मठात लापशीच्या रांगेत नेऊन बसवलं असतं. नीकांद्रसला मरणाची भीती वाटत नव्हती. त्या रांगेची वाटायची.

आन्थूसा म्हातारीला मात्र कळलं होतं. ही देवळातले दिवे लावणारी विधवा, सत्तरी ओलांडलेली, जिभेला हाड नाही.

"नीकांद्रा, काल तू माझ्याशी बोलत होतास की झाडूशी?"

"तुझ्याशीच की, मावशी."

"मी दारात होते. तू कोपऱ्याकडं तोंड करून बोलत होतास. झाडू बिचारा लाजला."

म्हातारीचा आवाज खाली आला. "वैद्यबाबाला शरण जा रे. अजून वेळ आहे."

वैद्यबाबा म्हणजे डाव्या भिंतीवरचा संत पान्तेलेमोन. जिवंतपणी त्यानं आंधळ्यांना दृष्टी दिली, म्हणून गावोगावच्या बायका येऊन त्याच्या चित्रातल्या डोळ्यांचा चिमूटभर चुना खरवडायच्या आणि पाण्यातून प्यायच्या. दर ईस्टरला नीकांद्रस शिव्या देत ते डोळे नव्यानं भरायचा.

"त्यात काय आहे ते मला विचार, मावशी. चुना, भुसा, अंडं आणि चुलीवरची काजळी. माझ्याच हातचं आहे सगळं."

"लावलंस तू. बघतं कोण त्यातून?" म्हातारी म्हणाली. "आणि हे बघ, खरवडताना आपले डोळे मिटायचे. ज्याचा डोळा घ्यायचा, त्याच्या तोंडाकडं बघत राहणं बरं नाही."

२

द्राक्षांची तोडणी लागली तशी सगळं गाव मळ्यात गेलं. एका दुपारी देऊळ रिकामं आहे असं बघून नीकांद्रस खाली उतरला. चोराच्या मनात चांदणं, तशी त्याची गत झाली होती. स्वतःच्याच चित्राकडं भीक मागायला आलो, याची त्याला मेल्याहून मेल्यासारखी लाज वाटत होती.

दाराच्या कडेला हात टेकून त्यानं डोळे मिटले. डोळे उघडे असते तरी आतल्या अंधारात रंगांच्या डागांपलीकडं काही दिसलं नसतं. पण त्या भिंतीची मापं त्याच्या हातात होती. दाराच्या कडेपासून वैद्यबाबाच्या तोंडापर्यंत नऊ विती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दोरी लावून त्यानंच आखल्या होत्या. तो एकेक वीत टाकत गेला. सात, आठ, नऊ. तिथं बोटं फिरवली. ओल्या चुन्यात टोकदार काडीनं ओढलेली रेघ बोटाला लागते, तशी त्याला डोळ्याची रेघ लागली. दुसरा डोळा काही केल्या सापडेना. बायकांनी तो मुळासकट खाल्ला असेल, असं म्हणून त्यानं एकाच डोळ्यावर सुरी चालवली.

चिमूटभर पूड निघाली. ती त्यानं तिथंच पाण्यात टाकून पिऊन टाकली. चव चुन्याची होती, दुसरी कसली असणार?

सकाळी जाग आली तेव्हा त्याला छताच्या दगडावरचे टाकीचे घाव दिसले. एकेक घाव. त्यानं उजवा डोळा झाकला, दिसत राहिलं. डावा झाकला, सगळं धुक्यात गेलं. आंधळा मागतो एक डोळा अन् देव देतो दोन, म्हणतात. नीकांद्रसनं दोन मागितले होते, त्याला एक मिळाला. पण तो एक असा लख्ख, की पारव्याच्या गळ्यावरचा हिरवा रंग बघून हा पंचावन्न वर्षांचा बाप्या पायरीवर बसून ढसाढसा रडला.

३

कामाला नुसता ऊत आला. दाराबाहेर काठीवर पांढरी चादर ताणून तो सकाळचं ऊन आत फिरवायचा आणि त्या उजेडात परांचीवर चढायचा. प्रभूचे केस झाले, दाढी झाली, आशीर्वाद देणारा हात झाला. लेओन्तिओस खालून मान वर करून म्हणाले, "काय उस्ताद, जवानी परत आली वाटतं!"

"तुमचा आशीर्वाद, बाबा."

एकच गोष्ट जरा वेगळी होती. डोळे मिटले तरी डावीकडं अंधार होत नव्हता.

आधी त्याला वाटलं, चुन्याच्या पांढऱ्याकडं बघून बघून असं होत असेल. तसं होतंच. पण त्यात फरशी दिसायची नाही. इथं फरशी दिसत होती, दिव्याची साखळी दिसत होती, कोपऱ्यात टेकवलेला झाडू दिसत होता. देऊळ दिसत होतं, पण भिंतीवरून बघावं तसं, तिरकं. तो आपल्या खोलीत डोळे मिटून पडायचा आणि खालचं रिकामं देऊळ बघायचा. तासन्तास तिथं कुणी यायचं नाही. ऊन दारातून आत सरकायचं, पुन्हा बाहेर जायचं. संतालासुद्धा इतकं एकटं बसावं लागतं, हे बघून त्याला वैद्यबाबाची कीव आली.

खरं की खोटं हे बघायची संधी बुधवारी आली. उपासाचा दिवस. नीकांद्रस वर अंथरुणावर पडला होता. मिटल्या डोळ्यानं त्यानं पाहिलं, की आन्थूसा आली, इकडंतिकडं बघितलं, भिंतीला टेकून बसली आणि ओच्यातून सुकी मासळी काढून खाऊ लागली.

संध्याकाळी तो तिला म्हणाला, "मावशी, उपासाला मासळी चालते वाटतं? काटेसुद्धा चोखलेस."

म्हातारीचा चेहरा उतरला. "तू तर वर होतास. कुणी चुगली केली?"

मग त्यानं सगळं सांगितलं. चिमूटभर पूड, डावा डोळा, भिंतीवरून दिसणारं देऊळ. आन्थूसा हरखली. "अरे बाबानं तुला आपला डोळा दिला! आणि मेल्या, पहिल्यांदा दिसलं ते माझं पाप?" क्रूसाची खूण करत ती दिवा घेऊन भिंतीकडं गेली. तिथं बराच वेळ उभी राहिली.

"नीकांद्रा," ती म्हणाली, "बाबाचे दोन्ही डोळे जागेवर आहेत रे."

तो जवळ गेला. वैद्यबाबाचे डोळे बायकांनी थोडेफार खरवडले होते तेवढेच, त्याची सुरी त्यांना लागली नव्हती. खड्डा पडला होता तो शेजारी, दोन विती पलीकडं. तिथं, संताच्या मानेवर तलवार उगारून, जल्लाद उभा होता.

दार दोन विती रुंद झालं होतं. डावीकडची कड तेवढीच सरकली होती, आणि त्याच्या हातातलं माप अठ्ठावीस वर्षांपूर्वीचं होतं.

दुष्टांना समोरून काढायचं नसतं. प्रभूला विकणारा यहूदा असो, सैतान असो, जल्लाद असो, त्यांना एका बाजूनं काढायचं, एकच डोळा दाखवायचा, म्हणजे बघणाऱ्याच्या नजरेला त्यांची नजर भिडत नाही. गुरूनं हा नियम नीकांद्रसच्या हातावर छड्या मारून शिकवला होता. म्हणून बोटांना दुसरा डोळा सापडला नव्हता. आणि म्हणूनच, मिटल्या डोळ्यापुढं जे दिसायचं त्याच्या तळाशी एक मूठ असायची. ती मूठ आजवर त्याला संताच्या औषधाच्या डबीवरची वाटत होती; ती तलवारीवरची निघाली.

"आत्ताच्या आत्ता चुना फास त्या थोबाडावर," आन्थूसा म्हणाली.

"आणि माझा डोळा गेला तर? प्रभूचं मुख बाकी आहे अजून."

"काम मोठं की जीव?"

"काम गेल्यावर जीव घेऊन कुठं बसू, मावशी? सण होऊ दे. दुसऱ्या दिवशी फासतो."

"तोवर थांबेल तो?"

"भिंतीवरचा रंग आहे तो. कुठं जाणार?" असं म्हणून नीकांद्रस हसला. म्हातारी हसली नाही.

४

आधी दृश्याच्या कडेची पिवळी रेघ दिसेनाशी झाली. ती वैद्यबाबाच्या प्रभावळीची कड होती. नीकांद्रसनं मनाशी म्हटलं, माझीच मान उशीवर वाकडी पडली असेल. मग दिव्याची साखळी, जी नेहमी टोकाला असायची, ती मधे आली. मानेनं असं होत नाही. तो रोज मोजू लागला. साखळी, मग झाडूचा कोपरा, मग दोन खांब. बघणारा तोंड वळवत होता. दिवसाला बोटभर, घाई नाही.

ऑक्टोबर सरता सरता नजर गाभाऱ्यावर आली. परांचीवर चढलेला असताना त्यानं थकून डोळे मिटले, आणि त्याला परांचीवरचा एक माणूस दिसला. पाठमोरा. वाळलेली मान, पिकलेले केस, अंगरख्याची शिवण पाठीवर हातभर उसवलेली.

खरं म्हणजे त्यानं तिथंच खाली उतरायला हवं होतं. तो उतरला नाही. तो त्या उसवलेल्या शिवणीकडं बघत राहिला. सहा वर्षांत त्याच्या पाठीकडं कुणी बघितलं नव्हतं. थेक्लानं बघितलं असतं, ओरडली असती, सुई घेऊन मागं लागली असती. त्या दिवशी घरी जाऊन त्यानं अंगरखा शिवला. दुसऱ्या दिवशी केस विंचरले. मग काम करताना तो बोलायला लागला. आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. "हा गालाचा रंग जरा तापला, नाही? थांब, पांढरा घालतो." उत्तर येत नव्हतं. पण कुणीतरी बघतंय, एवढं पुरत होतं. लाज वाटावी अशी गोष्ट आहे, पण त्याला बरं वाटत होतं.

डाव्या भिंतीकडं मात्र तो उघड्या डोळ्यांनी बघायचा नाही. येता-जाता मान उजवीकडं वळवायचा. आन्थूसाच्या हे लक्षात आलं.

"कुणाशी बोलत होतास मघाशी?"

"स्वतःशी. म्हातारपण आलं."

"स्वतःशी बोलणारा माणूस मधेच थांबून ऐकत नाही, नीकांद्रा."

"मावशी, तुला दिवसभर कुणी विचारतं का गं, जेवलीस का म्हणून?"

"नाही विचारत," म्हातारी म्हणाली. "म्हणून काय मी जल्लादाला विचारायला लावते?"

तो चिडला. एकट्या माणसाला टोचून बोलायला तुला काय जातं, असं काहीबाही बोलून गेला. त्यानंतर तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं. सणाला चार दिवस उरले होते.

५

डोळे सगळ्यात शेवटी काढायचे, आणि डोळ्यांतल्या बाहुल्या त्याच्याही शेवटी. शेवटच्या सकाळी नीकांद्रसनं खड्ड्यातला ताजा चुना कालवला, घमेलं घेतलं, मान उजवीकडं वळवून देवळात शिरला आणि परांचीवर चढला. हवा गार होती. चादरीवरून आलेलं ऊन घुमटात पसरलं होतं.

प्रभूचे दोन्ही डोळे झाले. उजवी बाहुली झाली. काजळीत कुंचला बुडवताना त्यानं सवयीनं डोळे मिटले.

त्याला फरशीवरची एक भेग दिसली. ती भेग त्याच्या ओळखीची होती. परांचीच्या शिडीच्या पायाशी होती ती.

भिंतीवरून ती भेग दिसत नाही. मधे खांब येतो.

त्यानं डोळे उघडले. समोर प्रभूचं मुख होतं, एक बाहुली असलेलं. देवळात आवाज नव्हता, शिडी करकरली नव्हती. उपाशीपोटी उंचावर काम केलं की भोवळ येते, हे त्यानं स्वतःला समजावलं. पापणी लवली. तेवढ्यात शिडीच्या मधल्या पायऱ्या दिसून गेल्या. पुन्हा लवली. परांचीच्या फळ्या. पापणी लवू नये म्हणून त्यानं डोळे ताणून धरले, पाणी आलं, आणि शेवटी ती लवलीच.

त्याला स्वतःची मान दिसली. हातभर अंतरावरून. कातडीवरच्या सुरकुत्या, त्यात बसलेला चुना, शिवलेल्या अंगरख्याचे वेडेवाकडे टाके. आणि नजरेच्या तळाशी ती मूठ, वर येत असलेली.

मागं वळायची हिंमत त्याच्यात नव्हती. पळायला जागा नव्हती. अशा वेळी माणूस देवाचा धावा करतो. नीकांद्रस म्हणाला, "थांब. एवढी बाहुली होऊ दे."

त्यानं डोळे मिटून पाहिलं. मूठ होती तिथंच थांबली होती.

मग त्यानं डावी बाहुली काढली. घाईनं नाही. गोल पुरा केला, कडेला पांढरा ठिपका दिला, कुंचला धुऊन आडवा ठेवला. तेवढ्या वेळात त्याचा विचारही पुरा झाला. जल्लादाला डोळा एकच, आणि तो मी प्यालो. म्हणजे हा ज्या डोळ्यानं बघत इथवर आला, तो डोळा माझ्याच डोक्यात आहे. तो गेला की यालाही मी दिसणार नाही.

घमेल्यातला चुना ताजा होता. नीकांद्रसनं मूठभर उचलला आणि उघड्या डाव्या डोळ्यावर दाबून धरला.

६

सण थाटात झाला. लोक घुमटाकडं बघून रडले, असं त्याला सांगितलं. प्रभू थेट आपल्याकडं बघतो, देवळात कुठंही उभं राहा, असं म्हणाले. लेओन्तिओसनी गर्दीतून त्याचा हात धरून नेलं. चुना डोळ्यात उडाला, असं सगळ्यांनी मानलं होतं. चुन्याच्या कामात होतं तसं.

आता तो मठात असायचा. दुपारी त्याला अंगणात आणून बसवायचे. चुन्याचा ओघळ उजव्या डोळ्यातही गेला होता; अंधार पुरा होता. डोळे उघडा, मिटा, काही नाही. फरशी नाही, साखळी नाही, पाठमोरा माणूस नाही. पहिले काही दिवस त्याला सुटल्यासारखं वाटलं. मग त्याला आपल्या अंगरख्याची आठवण यायला लागली, मागून उसवला असेल का म्हणून. विचारायला कुणी नव्हतं.

आन्थूसानं अबोला सोडला होता. ती मसुराची आमटी घेऊन यायची आणि शेजारी बसून त्याला भरवायची.

"मावशी, एक काम कर," तो एक दिवस म्हणाला. "आता माझं जायचं काही उरलं नाही. त्या जल्लादाच्या तोंडावर चुना फास."

"फासला की. केव्हाच."

"केव्हा?"

म्हातारी जरा घुटमळली. "रागावू नकोस. शेवटच्या दिवशी, तू यायच्या आधी. तुझ्याच खड्ड्यातला वाडगाभर चुना नेला. तू ऐकणार नव्हतास, आणि मला झोप लागत नव्हती. तोंड, मूठ, तलवार, सगळं लिंपून टाकलं. भिंत कोरी केली. मग कोपऱ्यात उभी राहून बघत होते, तुझा डोळा जातो की काय म्हणून. जीव टांगणीला लागला होता. तू शिडी चढलास, वाटी उचललीस, कुंचला बरोबर बुडवलास. म्हटलं, वाचला गं बाई, डोळा शाबूत आहे. तेव्हा कुठं मी घरी गेले."

नीकांद्रसच्या तोंडातला घास तसाच राहिला.

"म्हणजे मी वर होतो तेव्हा भिंतीवर कुणी नव्हतं?"

"कुणी नव्हतं रे. नुसता ओला चुना."

त्यानं घास गिळला. ऊन अंगावर होतं, ते हळूहळू उतरत होतं. भिंत आधीच कोरी होती, तरी हातभर अंतरावरून त्याला स्वतःची मान दिसली होती. त्यानं चुना दाबला तो स्वतःच्या डोळ्यावर. डोळा होता तोवर जल्लाद कुठं उभा आहे, एवढं तरी कळत होतं.

"मावशी," त्यानं विचारलं, "माझ्या पाठीमागं भिंत आहे ना?"

"नाही रे," वाडगा पुसत आन्थूसा म्हणाली. "तुला अंगणाच्या मधोमध बसवलंय. मागं सगळं मोकळं आहे."